तिसरी काच

काचवाला गुडघ्यांवर बसून दारापासूनच्या तिसऱ्या काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचत होता. शहरातल्या सगळ्यांत उंच मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर लोक आपापली घरं शोधत होते, आणि हा पठ्ठ्या तिकीट काढून, तासभर रांगेत उभा राहून, जमिनीला नाक लावून बसला होता. जमीन म्हणजे जाड काच. काचेखाली दीडशे मीटर हवा आणि तळाशी मनोऱ्याचं फरसबंद अंगण.

शिक्क्यावर कारखान्याचं नाव होतं आणि साल होतं. साल चारच वर्षांपूर्वीचं. म्हणजे जुनी काच कुणीतरी गुपचूप बदलली होती.

त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अकरा वर्षांपूर्वी इथे बसवायला आणलेल्या काचेच्या कडेचा टवका उडालेला त्याने पाहिला होता. अशा काचेच्या पाठीवर हातोडा घातला तरी ती सोसते, पण कडेला टवका उडाला की तिचा भरवसा संपला. उद्या फुटेल नाहीतर दहा वर्षांनी. ही मी बसवणार नाही, असं त्याने मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, टवका चौकटीत झाकला जातो, उद्घाटन परवावर आलंय. काच दुसऱ्याने बसवली, आणि याच्या नावापुढे 'कामावर दारू पितो' असा शेरा पडला. त्यानंतर एकाही मोठ्या इमारतीने त्याला दारात उभं केलं नाही. अकरा वर्षं तो लोकांच्या न्हाणीघरांत आरसे बसवत होता. ती काच फुटावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं. कुणाला तरी सापडावी, एवढंच. आणि ती सापडली होती, बदललीही होती, अन् याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"दादा, आमचा एक फोटो काढता का?"

गोल चेहऱ्याच्या एका बाईंनी फोन पुढे केला होता. तो उठला. चपलांवर चढवायला देतात ते कापडी मोजे घालून बाई ऐटीत तिसऱ्या काचेवर जाऊन उभ्या राहिल्या. ही सगळी काच आमच्या ह्यांनी बसवलीय, त्या म्हणाल्या, आणि कुणी न विचारताच त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. हे इथे मुकादम होते, जिवाचं रान केलं, एक दारुडा कारागीर तर ऐन वेळी अडून बसला होता, त्याला हाकलला म्हणून काम वेळेत झालं.

काचवाल्याने उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याने फोन डोळ्यांपुढे धरला.

बाईंच्या मागे, काच सुरू होण्याच्या अलीकडे, लादीवर पाय घट्ट रोवून मुकादम उभा होता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण माणूस तोच. तो समोर बघतच नव्हता. त्याची नजर बायकोच्या पायांखालच्या काचेवर खिळली होती.

"साहेब, जरा पुढे या," काचवाला म्हणाला. "फोटोत बसत नाही तुम्ही."

मुकादम म्हणाला, इथूनच घ्या. बाईंना हसू आलं. जन्मभर काचा बसवल्या आणि आता काचेवर पाय टाकायची भीती वाटते यांना, असं म्हणत त्यांनी जागच्या जागी दोन उड्या मारून दाखवल्या. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला.

काचवाल्याने फोन खाली घेतला. दोघांची नजरानजर झाली, आणि मुकादमाने त्याला ओळखलं.

एक वाक्य पुरेसं होतं. काच नवी आहे साहेब, शिक्का बघा. ते काचवाल्याच्या ओठांवर आलंही होतं. त्याने ते गिळलं, आणि त्याला ते फार गोड लागलं.

"या ना, साहेब," तो म्हणाला. "तुम्हीच तर बसवून घेतलीत."

बाईंनी तिसरी उडी मारली.

"बाजूला हो," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "हो बाजूला आधी. त्या काचेची कड फुटलेली आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"ह्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"हे कोण?"

मुकादम म्हणाला, "तोच तो कारागीर. पीत नव्हता तो."

बाई सावकाश लादीवर आल्या. वाकून त्यांनी कापडी मोजे काढले, एकात एक घालून नीट गुंडाळले.

"गेल्या वर्षी आपली लेक पोरांना घेऊन आली होती इथे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही माहीत होतं तुम्हाला?"

बाईंनी काचवाल्याच्या हातातून फोन घेतला, त्याच्यापुढे हात जोडले आणि नवऱ्याची वाट न बघता लिफ्टमध्ये शिरल्या. मुकादम पुढच्या लिफ्टने गेला.

काचवाला तिसऱ्या काचेच्या मधोमध जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने खाली अंगणात दोघं दिसले. बाई झपाझप पुढे चालल्या होत्या. मुकादम बराच मागे होता, आणि मधलं अंतर वाढतच होतं.

अजूनही जाऊन सांगता आलं असतं. लिफ्टला खाली पोचायला चाळीस सेकंद लागतात.

त्याने खिशातून तिकीट काढून पाहिलं. संध्याकाळी सहापर्यंत थांबायची मुभा होती. तो तिथेच, काचेवर, मांडी घालून बसला.