आत घेतलं

स्क्रीनवर चित्र उमटवणारा मी लिहिलेला प्रोग्राम, ग्राफिक्स ड्रायव्हर, अखेर लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये घेतला गेला. सासूबाई मेथी निवडत म्हणाल्या, "राजसी, बाहेर होता तेव्हाही चालतच होता ना? मग आत घालायची एवढी मारामारी कशाला?"

"बाहेरच्याला कोण विचारतं, आई? आतल्यांनी कोडमधलं साधं एक नाव बदललं तरी माझा ड्रायव्हर बंद, आणि निस्तरायचं मीच. आत असला की नियम वेगळा. ज्याने नाव बदललं, त्यानेच माझ्याकडचंही सगळं दुरुस्त करून द्यायचं."

"बरा आहे की नियम," त्या म्हणाल्या.

लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, राजसी. टाळ्या पडल्या, पेढे वाटले. पुढे हेंद्रेपाड्यातल्या बँकेपासून उल्हासनगरच्या नोटरीपर्यंत खेटे मात्र मी एकटीने घातले.

"मग तुझं नाव लागलं का त्याच्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

"लागलं ना. पहिल्यापासून होतं तेच. शलाका."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"आणि ही कोण?"