मोकळा रस्ता

“ब्रेक लागत नाहीयेत,” फोनवरचा माणूस म्हणाला. आवाज म्हाताऱ्याचा होता.

मास्तरीण खुर्चीत सरळ झाली. चौकांच्या नियंत्रण कक्षात सगळे तिला याच नावाने हाक मारत, कारण शहरभरच्या बिनचालकाच्या गाड्यांना ती शिस्तीत रांगा लावून देई. कुठली गाडी कुठल्या चौकातून कधी निघणार हे इथून ठरे. सिग्नल आणि गाड्या आपसात बोलून घेत आणि कोणालाच फारसं थांबावं लागत नसे.

“थांबायचं बटण दाबलंत, आजोबा?”

“दाबलं. काही होत नाही.”

पडद्यावर त्यांच्या गाडीचा ठिपका बाजाराच्या चौकाकडे सरकत होता. तिने आडव्या रस्त्याचा सिग्नल लाल केला. तिकडच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी गपकन थांबल्या. ठिपका मधून निघून गेला.

साहेब धावत येऊन तिच्या मागे उभे राहिले. “कंपनी काय म्हणते?”

“कंपनीच्या फोनवर मघापासून गाणं वाजतंय.”

गाडीच्या आत काय बिघडलंय ते फक्त कंपनीला दिसे. इथे दिसे तो नुसता ठिपका. नियम साहेबांनीच केला होता : मोकळा रस्ता द्यायचा तो रुग्णवाहिकेला, नाहीतर आवरत नसलेल्या गाडीला. बाकी कोणी कितीही गयावया केली तरी नाही. घाई काय, सगळ्यांनाच असते.

“आजोबा, पट्टा लावलाय ना? गाडीत अजून कोण आहे?”

“तुम्ही रस्ता बघा हो, बाई.” मग हलक्या आवाजात, जणू स्वतःशीच, “डोळे मिटायचे नाहीत. अजिबात मिटायचे नाहीत.”

मास्तरणीने ठिपक्यापुढचा रस्ता पडद्यावर मोठा केला.

पुढच्या चौकात शाळेची बस अर्धी आत येऊन अडकली होती. ती माणूस चालवत होता, तिला इथून हुकूम देता येत नव्हता. मास्तरणीने बससमोरच्या गाड्या भराभर डावीकडे काढल्या. बस हलली. ठिपका क्षणभर अडखळल्यासारखा वाटला आणि बसच्या मागून सुटला.

“बस्स झालं,” साहेब म्हणाले. “नदीकाठच्या वाळूत घाल गाडी. रुतेल आणि थांबेल.”

“वाळूत नको!” फोनवरचा आवाज पहिल्यांदाच फुटला. “बाई, पाया पडतो तुमच्या. मोठ्या इस्पितळाचा चढ आहे ना, तिकडे न्या. चढावर वेग मरेल.”

“तिथे दारात माणसं असतात,” साहेब म्हणाले. “एखादं चिरडलं म्हणजे? वाळूच. माझा हुकूम आहे.”

नदीचं वळण समोर आलं होतं. या वेगाने वाळूत शिरली तर गाडी कोलांटी खाणार आणि आत म्हातारं माणूस.

“चढ,” मास्तरीण म्हणाली. “माझ्या जबाबदारीवर. उद्या घरी बसवा मला.”

तिने चढाकडचा सिग्नल हिरवा केला. दुसऱ्या फोनवरून इस्पितळाच्या रखवालदाराला ओरडून सांगितलं, “दार रिकामं करा! सगळ्यांना बाजूला घ्या!”

साहेबांनी चष्मा काढून हातात धरला. बघायची त्यांची इच्छा दिसत नव्हती.

फाटकावरच्या कॅमेऱ्यात माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. पांढरी गाडी चढ चढून वर आली. तिचा डावीकडचा दिवा लुकलुकला. तातडीच्या विभागासमोर, दोन पिवळ्या पट्ट्यांच्या बरोबर मधे, ती अलगद थांबली.

कक्षात कोणीतरी टाळी वाजवली. मास्तरणीने ओढणीने डोळे पुसले. “आजोबा, लागले की हो ब्रेक!”

आजोबा उतरले होते. मागचं दार उघडून त्यांनी एका लहान मुलीला उचललं, फोन खांद्यात दाबला आणि धावता धावता म्हणाले,

“ब्रेकना काही झालेलं नाही, पोरी. हिला साप चावलाय.”