बांधावर फिरलेला फोटो

पिंजऱ्यातल्या बिबट्याचा फोटो दाखवणारा मोबाइल रमिलाबाईच्या हातात होता, तरी ती उसात पाऊल टाकायला तयार नव्हती.

पुरुषोत्तमनगरजवळच्या त्या शेतात आता मधला पट्टा तेवढा उभा होता. चहूबाजूंनी तोड पुढे सरकली की बिबट्या मागे मागे सरकत शेवटच्या पट्ट्यात दडतो, हे ऊस तोडणाऱ्या प्रत्येकाला माहीत. परवा त्याने रमिलाबाईच्या नवऱ्याचा, रूपसिंगचा खांदा फाडला. तेव्हापासून धडगावकडून आलेली सगळी टोळी कोयते मांडीवर घेऊन बांधावर बसली होती.

शेतमालक हेमराजभाईने आधी हात जोडून आणि मग आवाज चढवून सांगितलं, की बिबट्या पहाटेच पिंजऱ्यात सापडला, गाडी त्याला घेऊनही गेली. कुणी हललं नाही. मालकाच्या तोंडावर विश्वास ठेवायचे दिवस कधीच संपलेत. शेवटी त्याने योगेंद्रला पुढे केलं.

योगेंद्र पोटासाठी लग्नाचे फोटो काढायचा, जीव मात्र जनावरांत. तोरणमाळच्या रानात उन्हातान्हात तासन्‌तास बसायचा, सुट्टीला प्राणिसंग्रहालयाच्या गजांना लेन्स टेकवायचा. त्याच्या फोटोंचं प्रदर्शन समाजाच्या हॉलमध्ये भरवू, असं हेमराजभाई सकाळीच बोलला होता.

योगेंद्रने दाखवलेला फोटो झकास होता. गजांमागे बिबट्या, पुढचे पाय दुमडून, थेट लेन्सकडे बघणारा. टोळीतल्या एकाने, हा तर लग्नात नवरदेव बसतो तसा बसलाय, म्हणून खिदळून घेतलं.

रमिलाबाई हसली नाही. "इतला शांत कसा शे?"

झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, हेमराजभाई घाईने म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला का, हे तिला योगेंद्रकडूनच ऐकायचं होतं.

"दादा, तू सोता दखा का?"

"तू आते जितली लांब शे, तितलाच लांब व्हता," योगेंद्र म्हणाला.

खोटं बोलणारा कुठेतरी अडखळतो. तो अडखळला नाही.

रमिलाबाईने पाठीवरची मुलगी सोडली, पट्ट्याच्या कडेला पाचटावर लुगडं अंथरून तिला निजवलं. मग कोयता उचलून ती सगळ्यांच्या आधी आत शिरली. तिच्यामागे टोळी. हेमराजभाईने योगेंद्रच्या पाठीवर थाप मारली आणि हॉलसाठी तारीख बघायला सांगितली.

योगेंद्र मोटारसायकलजवळ आला आणि त्याने बायकोला, मयूरीला फोन लावला. पोरीला शाळेतून आणताना उसाच्या वाटेने येऊ नको, सडकेने ये, म्हणाला. मयूरीला हसू आलं. बिबट्या धरला की, आत्ताच तर गावच्या ग्रुपवर तुम्ही काढलेलाच फोटो बघितला.

"तो फोटो सुरतना शे," योगेंद्र म्हणाला. "आठला, आपला गावना बिबट्या उसमाच शे."