दिवस बुडायच्या आत

दिवस मावळल्यावर आमच्या जैन घरात कुणी जेवत नाही, म्हणून रविवारी साडेपाचलाच गल्लीतल्या हॉटेलात जाऊन बसलो. सासूबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे सहा महिन्यांची लेक ब्राह्मी माझ्याच मांडीवर. तिला काही केल्या चैन पडेना. माझं ताट समोर गार होत होतं.

“जरा घ्या ना हिला,” मी नवऱ्याला, भरतेशना म्हटलं.

“एवढी भाकरी होऊ दे.”

भाकरी झाली, मग भात आला, मग ताक. पाऊण तासाने हात धुऊन त्यांनी लेकीला घेतलं. मी पहिला घास मोडते तोच खिडकीकडे बघून म्हणाले, “अगं, दिवस बुडाला की. राहू दे आता.”

“सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. आणि हिला अंगावर पाजते मी!” माझा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला.

“ओरडतेस काय? आईकडे बघ. माझ्या जन्मापासून तिनं एकदासुद्धा नेम मोडला नाही.”

सासूबाईंनी डाव्या हाताने माझं ताट माझ्यापुढे सरकवलं.

“जेव गं तू.” मग लेकाकडे वळल्या. “कसला नेम रं? तू मांडीवर असायचास. सगळ्यांची जेवणं होऊन माझं ताट वाढेपर्यंत रोज दिवस बुडायचा. उपाशी झोपायची मी, आन तुमी त्याला नेम म्हणत आलासा.”