आईचं नाव

उद्या अकोल्याला किसनरावांचं घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून त्यांची मुलगी मंजुश्री शाळेत रजा टाकून डोणगावला आली होती. आई गेली तेव्हा आईचा एक शब्दही कुणाकडे रेकॉर्ड केलेला नव्हता. ती चूक मंजुश्रीला पुन्हा करायची नव्हती. तिने मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून वडिलांपुढे जुने फोटो ठेवले. ते बसक्या आवाजात एकेकाची ओळख सांगत गेले. मेहकरच्या स्टुडिओत काढलेला लग्नानंतरचा फोटो आला, तेव्हा मात्र थांबले. "हे तुही माय." "नाव घ्या ना, बाबा. तुमच्या तोंडून आईचं नाव मी कधी आयकलंच नाही." ते ओशाळून हसले. "चाळीस वर्सं 'अवं' म्हनूनच हाक मारली तिले. चारचौघात बायकोचं नाव घ्याची लाज वाटे. तिनं एकदा म्हटलं होतं, एक डाव तरी घ्या म्हनून." "मग?" "नाही घेतलं." त्यांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ ओठ नुसते हलले. मग कुणी ऐकेल की काय, अशा दबक्या आवाजात ते म्हणाले, "सिंधू." आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "सिंधू, आयकून राह्यली काय वं?" मंजुश्रीने मोबाइल तसाच सुरू ठेवला. ती उठून ओसरीवर आली आणि तिने दार हलकेच ओढून घेतलं. आत बाबा कितीतरी वेळ आईशी बोलत होते.