मॉडेलमधला बीम

भिंतीवरच्या पडद्यावर हॉस्पिटलचा तिसरा मजला सावकाश फिरत होता. सगळा हिरवा. एसीचे डक्ट बसवण्याचं काम तिएनकडे होतं, आणि तो खुशीत होता.

"एकसुद्धा लाल ठिपका नाही," तो म्हणाला. "या कामावर पहिल्यांदाच. करा सह्या. उद्या सकाळी काँक्रीट पडू दे."

दिएमचे डोळे पडद्यावरच्या एका बीमवर होते. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरवाले, डक्टवाले, सगळ्यांचं काम संगणकातल्या एकाच इमारतीत, म्हणजे मॉडेलमध्ये, बसवायचं आणि कुणाचं कुणाला धडकतंय ते लाल करून दाखवायचं, ही तिची नोकरी. आजचं हिरवं खोटं आहे हे तिला शुक्रवारपासून माहीत होतं. शुक्रवारी ती काँक्रीटसाठी बांधलेले साचे, सेंटरिंग, बघायला वर चढली होती. ऑपरेशन थिएटरवरचा बीम मॉडेलमधल्यापेक्षा चांगला वीतभर खाली उतरला होता.

ती तडक विन काकांकडे गेली होती. ते स्ट्रक्चरचे, म्हणजे बीम-खांबांचे इंजिनिअर. कॉलेजातून बाहेर पडलेल्या दिएमला पहिली नोकरी त्यांनीच दिली होती.

"आधीचा हिशेब चुकला होता माझा," ते हळू आवाजात म्हणाले होते. "नवीन ड्रॉइंग साइटवर पाठवलंय. बीम मजबूत होतोय, पोरी. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

"मग मॉडेलमध्ये का नाही टाकलं, काका?"

"तिथं टाकलं की कुणी काय बदललं ते सगळ्यांना भिंतीएवढं दिसतं. या वयात माझी चूक भिंतीएवढी बघायची नाहीये मला. सोमवारपर्यंत थांब. मी काहीतरी करतो."

ती थांबली होती. आज सोमवार होता, आणि विन काका बर्फाच्या चहाचा ग्लास हातात फिरवत खिडकीबाहेर, हाऊ नदीकडे बघत बसले होते.

हॉस्पिटलच्या वतीने आलेल्या हान ताईंनी मंजुरीचा कागद पुढे सरकवला. तिएनने सही केली. आर्किटेक्टने केली. विन काकांनीही केली. पेन टेकवताना जरा थबकले, इतकंच.

कागद दिएमपुढे आला. तिने तो पालथा ठेवला.

"उद्याचं काँक्रीट थांबवावं लागेल."

"अगं, गाड्या ठरल्यात," तिएन हसत म्हणाला. "आणि आता काय राहिलं? सगळं हिरवंगार आहे की."

"ऑपरेशन थिएटरवरचा हा बीम साइटवर असा नाहीच, दादा. जो आहे तो याच्यापेक्षा खाली आलाय. तुमचे डक्ट त्याच्याखालून जाणार नाहीत."

तिएनचं हसू मावळलं. "माझे डक्ट कापून तयार आहेत. बीम कुणी बदलला?"

दिएमने मान खाली घातली. ते नाव तिच्या तोंडून निघणार नव्हतं.

"मी काय विचारतोय? काँक्रीट एकदा पडलं की त्यात भोक पाडता येत नाही. मग डक्ट आणखी खाली घ्यावे लागून छत डॉक्टरांच्या डोक्याला टेकलं की बोल मात्र मला लावाल."

"दिएम, खरा बीम दाखव," हान ताई म्हणाल्या.

"मला नाही दाखवता येत, ताई. स्ट्रक्चरच्या भागाला स्ट्रक्चरवालेच हात लावू शकतात."

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

विन काकांनी ग्लास खाली ठेवला आणि ते उठले. दिएमला वाटलं, चालले बाहेर. पण ते तिच्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"सरक," ते म्हणाले.

ती उठली. ते बसले आणि आपला पासवर्ड घालून त्यांनी दोन बोटांनी, चाचपडत आकडा टाकला. पडद्यावरचा बीम खाली उतरला. त्याच्या खालचे डक्ट एकामागून एक लाल होत गेले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मग तिएन खुर्ची ओढत पुढे आला.

"बीममधून भोकं सोडता येतील?" त्याने विचारलं. आवाजातला राग गेला नव्हता.

"काँक्रीट पडायच्या आत सांगितलंस तर येतील," विन काका म्हणाले. "कुठं हवीत ते दाखव."

"थांबा," हान ताई म्हणाल्या. "हे कुणाकुणाला माहीत होतं? आणि कधीपासून?"

दिएमने तोंड उघडलं.

"मला महिनाभरापासून," विन काका मध्येच म्हणाले. "हिला आज सकाळी कळलं. मीच सांगितलं."

दिएमचे कान तापले. "काका, तसं नाही…"

विन काकांनी मागे वळून पाहिलं नाही. माऊस तेवढा तिच्याकडे सरकवला.

"पोरी," ते म्हणाले, "आता याच्या वरचा मजला उघड. तिथलेही आकडे बदलायचेत."