केबिन नंबर चारमधली दुपार

जेवण आटोपलं तशी दत्तारामने खाटेवरची चादर ओढली, उशी काखेत मारली आणि तो व्हरांड्याकडे निघाला.

"कुठे?" शांताने विचारलं.

"भायर. जरा आडवो होतंय."

केबिनमध्ये दोन खाटा होत्या, पंखा होता आणि माणसं अवघी दोन. पण वरळीच्या बीडीडी चाळीत बेचाळीस वर्षं एकच शिरस्ता: बायकापोरं खोलीत, पुरुष बाहेर गॅलरीत. आधी सासू-सासरे आणि नणंदा, मग मुलं, आता सून-नातवंडं. खोली रिकामी अशी कधी झालीच नाही. गॅलरीची सवय दत्तारामच्या अंगात इतकी मुरली होती की पाय आपोआप दाराकडे वळले.

वनउद्यानातला हा लाकडी केबिनींचा कॅम्प सुनेने, अनुजाने, शोधून काढला होता. इंग्रजांच्या काळातला, सागाच्या भिंती, वर कौलं. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. "दोघंच जा," असं तिने बजावलं होतं. त्या 'दोघंच'वर शांता महिनाभर खूश होती. आज तिने नवी साडी नेसली होती, गजराही माळला होता. आणि हे महाशय उशी घेऊन बाहेर! शांताला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात कॅम्पचा चौकीदार पायरीपाशी थांबला. "आजोबा, आत झोपा. इथली माकडं उशीसुद्धा ठेवत नाहीत."

दत्ताराम आत आला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा. कुठे टेकावं हेच त्याला कळेना.

"दार लावा," शांता म्हणाली.

"दुपारची कडी? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? माकडं?"

त्याने कडी लावली आणि तो खाटेच्या कडेवर बसला. मग तो कुजबुजला, "शांता, एक विचारू?"

"मोठ्याने विचारा की. इथे कोण आहे ऐकायला?"

खरंच की. उभा जन्म दोघं कुजबुजतच बोलली होती, कारण हाताच्या अंतरावर कुणी ना कुणी झोपलेलं असायचं. दत्तारामने घसा खाकरला. आधी आवाजच फुटेना आणि फुटला तो भलताच मोठा.

"लग्नाच्या वेळी मी तुला पसंत होतो काय गो? की तुझ्या मामाने सांगितलं म्हणून उभी राहिलीस?"

शांता त्याच्याकडे बघतच राहिली. "हे आत्ता विचारताय? बेचाळीस वर्षांनी?"

"मग? आधी विचारायला जागा कुठे होती?"

शांता उठली आणि तिने खिडकीही लावून घेतली.